विषय: शेडमधले रात्रीचे तास

नमस्कार मंडळी,

लेक ४६२ व्हिसावर (सुट्टी आणि काम, दोन्हीसाठीचा) ऑस्ट्रेलियात मिल्ड्युराला द्राक्षांच्या पॅकिंगला गेली आहे. इथे कोथरूडला संध्याकाळचे साडेसात झाले की तिचा फोन येतो, म्हणजे तिथे रात्रीचा एक. इतका उशीर का गं, विचारलं तर म्हणाली, "मशीन साडेदहाला बंद होतं. मग क्रेट धुवायचे, पट्टा पुसायचा, शेड झाडायची. त्याचे पैसे नाही धरत, आई." सुपरवायझरला विचारायची तिला धास्ती वाटते. पुढच्या वर्षीच्या व्हिसाला तीन महिन्यांच्या शेतकामाचा पुरावा लागतो, आणि तो याच मालकाकडून यायचा आहे. आम्ही इथून काय करावं?

— कोथरूडची एक आई

---

ताई, नमस्कार.

सुपरवायझरने सांगितलेली झाडलोट हे कामच आहे, त्याचे पैसे द्यावेच लागतात. तिथल्या बागायती कामाच्या नियमांत कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला रात्री साडेआठनंतरच्या तासांना १५ टक्के जादा दर आहे, म्हणजे बुडतात ते महागातले तास. जाणूनबुजून पगार बुडवणं १ जानेवारी २०२५ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे. पगाराची तक्रार केली म्हणून व्हिसा जाऊ नये, अशी व्यवस्था फेअर वर्क (कामगारांच्या तक्रारी बघणारं तिथलं सरकारी कार्यालय) आणि गृहखात्यात आहे. हे तिला आधी सांगा, भीती थोडी तरी उतरेल. फेअर वर्कचा नंबर १३ १३ ९४. सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते, त्यामुळे हंगाम संपल्यावर मागितली तरी चालते.

पण तास दाखवता आले पाहिजेत. मी शिकत असताना सुट्टीत स्ट्रॉबेरीच्या शेडमध्ये होतो. आठ आठवडे रोज दीड तास फुकट गेला. शेवटी विचारलं, तर मॅनेजरने रजिस्टर उघडून दाखवलं: सगळ्या रात्री, सुटी दहा वाजता. माझ्याकडे कागदाचा कपटासुद्धा नव्हता. मान खाली घालून परत आलो, ते अजून सलतं.

तिने रोज त्याच रात्री लिहावं: मशीन कधी थांबलं, झाडू कधी ठेवला, कोणी सांगितलं, सोबत कोण होतं. रोस्टरचा, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्याचा, फोटो काढावा, पे-स्लिप जपाव्यात. फेअर वर्कचं तास नोंदवायचं फुकट अ‍ॅपही आहे.

आणि ताई, तुमच्या फोनमधली कॉलची यादी पुसू नका. शेडमधून सुटल्या सुटल्या ती तुम्हालाच फोन करते ना?

— मेलबर्नहून, मूळ सदाशिव पेठ

---

दादा,

तुमची मेल वाचली आणि फोन घेऊन बसले. ह्यांनी तारखा वाचल्या, मी कालनिर्णयवर वेळा लिहिल्या. साडेसातच्या आगेमागे अकरा फोन निघाले. एकदा तर पावणेनऊ, म्हणजे तिथे सव्वादोन. त्या दिवशी नुसती "झोप येतेय" म्हणाली होती, आणि मी जेवलीस का एवढंच विचारलं.

पानाचा फोटो तिला पाठवलाय. आज कामावर जाताना वही घेऊन गेली.