अनुभव धागा: उपनगरातल्या नव्या ऑफिस संकुलात येणाऱ्या गाड्या कमी कशा कराव्यात?

गोरेगाव, मालाड, ऐरोली, ठाणे... नवीन संकुल उघडलं की शेजारच्या गल्लीतल्या माणसाला स्वतःच्या सोसायटीत गाडी वळवता येत नाही. फॅसिलिटी, शटल (स्टेशन ते ऑफिस बस), पार्किंग, रस्ता-फुटपाथ ही कामं ज्यांनी केली आहेत त्यांनी लिहावं. 'लोकलने या' एवढंच नको. क्रम, आकडे आणि कुठे फसतं तेही हवं. उदाहरणापुरतं गोरेगाव पूर्व, हायवेलगतचं संकुल धरू.

तळघर दोन
सुरुवात पार्किंगपासून करा, शटलपासून नाही. रॅम्प आणि वळायची जागा धरून एक गाडी 25 ते 30 चौरस मीटर खाते. तेवढ्यात दोन-तीन माणसांची टेबलं बसतात. भाडेकरारात पार्किंग ऑफिसच्या भाड्यातच मिसळलेलं असलं तर कंपनीला ते फुकट आहे असं वाटतं आणि ती ते कर्मचाऱ्यांना फुकट देऊन टाकते. म्हणून करारात पार्किंगची ओळ वेगळी, दर वेगळा.

दुसरं, मासिक पास देऊ नका, रोजचा दर लावा. महिन्याचे पैसे भरले की ते 'वसूल' करायला माणूस रोज गाडी आणतो. रोजचा दर असेल तर आठवड्यातले दोन दिवस आपोआप सुटतात. पार्किंग सोडणाऱ्याला रोख भत्ता द्यायचा असेल तर तो पगारात धरून करपात्र होतो, हे लोकांना आधीच सांगा. पहिल्या स्लिपवर कमी रक्कम दिसली की योजनेवरचा विश्वास उडतो.

फेरी क्रमांक चार
वरच्याशी अर्धा सहमत. शटल नसेल तर नुसता दर वाढवून गाड्या सर्व्हिस रोडवर उभ्या राहतात.

हिशेब असा: स्टेशन ते गेट 10 मिनिटं, परत 10, दोन्ही टोकांना मिळून 4 मिनिटं थांबा. फेरी 24 मिनिटांची. दर 6 मिनिटांनी बस हवी तर 4 बस. 26 आसनी मिनीबस धरली तर तासाला एका दिशेने 260 जागा. हे सकाळचं. पावसात किंवा संध्याकाळी साडेसहाला 10 ची 18 मिनिटं झाली की फेरी 40 मिनिटांची. त्याच 4 बस आता दर 10 मिनिटांनी, जागा 156. तेव्हाच रांग लागते, लोक रिक्षा शोधतात आणि पुढच्या आठवड्यात गाडी काढतात. 6 मिनिटं टिकवायची तर 7 बस लागतात. कंत्राट सकाळच्या वेळेवर केलं तर फसलात.

परवान्याचं विसरू नका. अशा बस कॉन्ट्रॅक्ट कॅरेज परवान्यावर, म्हणजे अख्खी बस कराराने घेऊन, धावतात. वाटेत माणसं उचलून प्रत्येकाचं तिकीट फाडता येत नाही, त्यासाठी स्टेज कॅरेज परवाना लागतो. म्हणजे खर्च कंपन्यांनी वाटून घ्यायचा आणि ओळखपत्रावर चढू द्यायचं. थांबा वाहतूक पोलिसांशी बोलून, शेअर रिक्षाच्या रांगेपासून लांब ठरवा. रांगेच्या तोंडाशी बस लावली की पहिल्याच दिवशी भांडण.

बदली गाडी
पहिलं काम सर्वेक्षण, पण 'तुम्ही कसे येता?' विचारू नका. घराचा पिनकोड आणि शिफ्टची वेळ, दोनच रकाने. मग गठ्ठे दिसतात:

ठाणे-मुलुंडवाले: घाटकोपरपर्यंत लोकल, मेट्रो 1 ने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानक, पुलावरून गुंदवली स्थानक, मेट्रो 7 ने गोरेगाव पूर्व.
वसई-विरारवाले: जलद गाडी, बोरिवलीला उतरून धीमी.
वडाळा, कुर्ल्याकडचे: हार्बर आता गोरेगावपर्यंत येते. हे अनेकांना ठाऊकच नसतं.
कफ परेड, वरळीकडचे: मेट्रो 3 ने मरोळ नाका, तिथून मेट्रो 1, मग 7.

मेट्रो 2A आणि 7 वर 3 किमीपर्यंत 10 रुपये, 12 पर्यंत 20, 18 पर्यंत 30. मुंबई वन ॲप ऑक्टोबर 2025 मध्ये आलं, त्यामुळे वेगवेगळ्या मेट्रोची तिकिटं एकाच ठिकाणी निघतात. मेट्रो 7 हायवेवर आहे आणि दोन्ही बाजूंना उतरता येतं. कोणत्या बाजूने उतरायचं हे पत्रकात ठळक छापा, नाहीतर माणूस चुकीच्या बाजूला उतरून पुन्हा जिने चढतो.

बूम बॅरियर
कारपूलबद्दल. लिफ्टजवळच्या जागा राखून ठेवल्या की लोक चलाखी करतात. एकटाच चालवत येतो आणि गेटपासून दोनशे मीटरवर चालत येणाऱ्या सहकाऱ्याला 'बस रे' म्हणून आत घेतो. बॅरियरवर दोन ओळखपत्रं, जोडी आधी नोंदलेली, पिनकोड जुळणारे. राखीव जागा 10 वाजेपर्यंतच, मग सगळ्यांना खुली. रिकाम्या राखीव जागा बघून बाकीचे भडकतात. आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत पेट्रोल वाटून घ्या, भाडं लावू नका.

रात्रपाळी
सगळं विस्कटतं ते एका उशिराच्या दिवसामुळे. आठवड्यातून एकदा रात्री अकरा वाजतात म्हणून माणूस पाचही दिवस गाडी आणतो. महिन्यातून दोन आपत्कालीन कॅब द्या, कारण विचारू नका. बहुतेक जण त्या वापरतही नाहीत, मिळेल ही खात्री पुरते. दुकाने व आस्थापना कायदा 2017 नुसार स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत वाहन लागतंच. तेच कंत्राट थोडं वाढवा.

पेव्हर ब्लॉक
शेवटच्या चारशे मीटरवर कुणी बोललं नाही. फुटपाथवर चालायला मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर, कर्ब (फुटपाथची कड) 150 मिमीपेक्षा उंच नको, हे आयआरसी 103 मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत आहे. संकुलाच्या गेटसमोर मात्र फुटपाथ तोडून गाडीसाठी उतार करतात. उलट करा: फुटपाथ त्याच उंचीवर सलग न्या, गाडीने चढून उतरावं. ब्लॉकखाली नीट दाबलेला थर नसेल तर पहिल्या पावसात खड्डा, त्यात पाणी, आणि ऑफिसच्या बुटातला माणूस रिक्षाला हात करतो.

धागाकर्ता
@तळघर दोन, जुन्या भाडेकरूंचे पास कसे काढायचे?

तळघर दोन
काढू नका. नूतनीकरणाला रोजच्या दरावर आणा. नव्याने येणाऱ्याला पास आपोआप देणं आजच बंद करा. अर्ज करून मागायला लावा. रुजू होण्याच्या कागदांत पार्किंगच्या फॉर्मऐवजी शटलचं वेळापत्रक ठेवा.