उन्हाळ्यात तिघं मित्र मिळून जर्मनीत काम करावं का?

चाकूरकर

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचा. मागच्या ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्सला आहे. उदगीरचा एक आणि परभणीचा एक, इंजिनिअरिंगपासूनचे दोन मित्रही इथंच आहेत. जुलैअखेर लेक्चर संपतात, मग ऑक्टोबरपर्यंत मोकळे. तिघांनी एकत्र राहून कुठंतरी काम करावं असं चाललंय. बायर्न (बव्हेरिया) राज्यात हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलावरच्या फुलांच्या, काढणीचं काम आहे असं व्हॉट्सॲपवर एकजण सांगतोय, पण नोंदणीचे म्हणून माणशी 300 युरो आधी मागतोय.

आई म्हणते, सुट्टी आहे तर महालक्ष्म्यांना घरी ये. यंदा अधिक महिन्यामुळं त्या सप्टेंबरच्या मध्यात आल्यात, म्हणजे ऐन काढणीत. शिवाय संभाजीनगरला शिकणारा चुलतभाऊ टुरिस्ट व्हिसावर येतो, दोन महिने तुमच्यासोबत काम करतो म्हणतोय. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे म्हणून विचारतोय. कोणी केलंय का असं काम?

औंढ्याचा पाहुणा

300 युरो अजिबात देऊ नको. आणि चुलतभावाला आजच फोन करून नाही म्हण. टुरिस्ट व्हिसावर एक दिवसही काम करता येत नाही. सापडला तर परत पाठवतात, वरून प्रवेशबंदी लागते, आणि पुढं त्यालाच शिकायला यायचं असेल तर रस्ता बंद. भारतात शिकणाऱ्या मुलाला जर्मनीत सुट्टीतलं काम मिळू शकतं, वर्षात 90 दिवसांपर्यंत, पण ते जर्मनीच्या सरकारी रोजगार कार्यालयामार्फत आलं असेल तरच. एजंटच्या पत्राला काही किंमत नाही.

धारूरकर

मी दोन उन्हाळे हे केलंय. 2024 ला एजंटमार्फत, 2025 ला स्वतः शोधून. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

माझे माय-बाप ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की टोळीसोबत कारखान्यावर जायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहून ती फेडायची. मी आजीपाशी गावातच वाढलो. हे सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा 2024 ला मी एका माणसाला 250 युरो दिले, कारण सोबतचे दोघं देत होते. मुकादम निदान आधी पैसे देतो तरी. इथं आम्हीच त्याला उचल दिली.

एका गोदामात काम होतं. पोचलो तर म्हणाले, काम पुढच्या सोमवारपासून. आठ दिवस नुसते बसून काढले आणि खाटेचे दिवसाला 14 युरो मात्र पगारातून कापले गेले. सगळं करारात लिहिलेलं होतं, जर्मनमध्ये. तिघांपैकी एकानंही तो शेवटपर्यंत वाचला नव्हता, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं वाचला असेल. मित्र सोबत असले की हेच होतं, माणूस गाफील राहतो. त्या खोलीत आमची भांडणं झाली ती पैशांवरूनच. किनवटचा मित्र दहाव्या दिवशी बॅग घेऊन निघून गेला. पुढं चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. 250 युरोपेक्षा मला ते जास्त लागलं.

2025 ला मी इंगोलस्टाडला होतो. तिथून हालरटाऊ जवळच आहे, हॉप्सचा जगातला सगळ्यात मोठा पट्टा. वोल्नत्साख, माइनबुर्ग या भागातल्या शेतकऱ्यांना मे-जूनमध्ये थेट फोन केले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये पाठ केलेली चार वाक्यं होती. अकराव्या फोनला एक बाई म्हणाल्या, तिघं या. तोवर किनवटचा परत बोलायला लागला होता, आणि मीच त्याला चल म्हणालो.

काम कसं असतं ते सांगतो. सात-साडेसात मीटर उंचीच्या तारांवर वेल चढवलेले असतात. द्राक्षाचा मांडव डोळ्यांपुढं आण आणि तो तिप्पट उंच कर. ट्रॅक्टर ओळीतून जातो, वेल बुडातून तोडत आणि वरून ओढत गाडीत पाडत जातो. पुढं खळ्यावरच्या यंत्रात एकेक वेल आकड्याला अडकवायचा, तिथं फुलं सुटी होतात आणि वाळवणीला जातात. वाळवण साठ-पासष्ट अंशांवर चालते. मी आकड्यापाशी होतो. वेल येतच राहतात, हात थांबवायला फुरसत नसते. वेलाला बारीक काटेरी लव असते, ती हातावर ओढली गेली की लाल रेघा उठतात आणि घाम लागला की आग होते. बोटांना चिकट डिंक बसतो, काळा पडतो, साबणानं निघत नाही. खोबरेल तेल चोळलं तेव्हा निघाला.

दुसऱ्या दिवशी रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. तिनं माझे हात बघितले आणि एवढंच म्हणाली, "पूर्ण बाह्यांचा सदरा घाल की रे." उसात ती लुगड्यावरून अण्णांचा जुना सदरा घालते, पाचटानं हात कापू नयेत म्हणून. सकाळी आमच्यासोबतच्या पन्नाशीच्या रोमानियन काकांनी मोज्यांचे पंजे कापून माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चढवून दिले. ते पंधरा वर्षांपासून दरसाल येतात, पोरं तिकडं सासूपाशी. भाषा एक नव्हती, पण त्यांच्याजवळ बसलं की मला आमच्या टोळीतलंच कुणी वाटायचं.

आता हिशेब. 2025 ला किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं, यंदा 13.90 आहे. 22 दिवसांत माझे 220 तास भरले, म्हणजे 2,820 युरो. खोलीचे 8 युरो रोजचे, पण ते फोनवरच सांगितले होते. दोन-तीन महिन्यांच्या हंगामी कामाला पेन्शन वगैरेची कपात नसते. आयकर कापला गेला तरी वर्षाची कमाई करमुक्त मर्यादेत असेल (2025 ला 12,096 युरो) तर विवरणपत्र भरून परत मिळतो. माझा आला. इथं महिन्याला ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आपणच आधी पैसे भरून ठेवलेलं खातं) 992 युरो सुटतात, तेव्हा ही रक्कम केवढी वाटते ते तुला कळेल. कामावरचा अपघात विमा मालकानं भरायचा असतो, तुझ्याकडून त्याचे पैसे मागत असेल तर तिथंच सावध हो.

दिवस मोजून ठेव. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांच्या वर गेलं की तो पूर्ण दिवस. आधी कुठं अर्धवेळ काम केलं असशील तर तेही यातच. विद्यापीठातलं सहायकाचं काम मात्र यात धरत नाहीत.

राहण्याचं. तिघं एकाच खोलीत राहा, पण करार तिघांचे वेगळे, खाती वेगळी, आणि प्रत्येकानं आपला करार स्वतः वाचायचा. आम्ही किराण्याचा खर्च फ्रिजवरच्या कागदावर रोजच्या रोज लिहायचो. बायर्नमध्ये दुकानं रात्री आठला बंद, रविवारी तर उघडतच नाहीत. आम्ही सातला सुटायचो आणि दुकान पाच किलोमीटरवर. एकजण सायकल काढायचा, दुसरा कुकर लावायचा, तिसऱ्यानं भांडी. किनवटच्यानं घरून काळा मसाला आणला होता, त्याची वरण-फळं रोमानियन काकांनी दोनदा मागून खाल्ली. त्या रात्री तो आणि मी बाहेर पायरीवर बसलो आणि 2024 चं सगळं बोलून घेतलं.

नांदेडची लेक

धारूरकर दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझेही आजोबा टोळीत जायचे.

चाकूरकर दादा, मी नॉर्डर्नाई बेटावर हॉटेलात खोल्या आवरायचं काम केलं. तिथं आम्ही चार मैत्रिणी होतो. माझं मत जरा वेगळं आहे, तिघं एका खोलीत नको. शिफ्ट वेगवेगळ्या आल्या की एकीची झोप आणि दुसरीचा गजर, यातच महिना जातो. दोन खोल्या मिळत असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या.

दुसरं, एखादा पेपर राहिला असेल तर फेरपरीक्षेची तारीख आधी बघा. ती सप्टेंबरअखेर असते बऱ्याचदा.

आणि आईचं. हॉप्सची काढणी ऑगस्टअखेरीस सुरू होते, नागपंचमी 17 ऑगस्टला आहे. पहिल्या आठवड्यात निघालात तर पंचमी घरी करून काढणीला परत येता येईल. महालक्ष्म्या हुकतील, पण आई भेटेल. मी पहिल्या उन्हाळ्यात गेले नाही, पैसे वाचवले. ते पैसे कशात गेले ते आज आठवत नाही, पण त्या वर्षी घरी नव्हते हे आठवतं.

चाकूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या माणसाला नको म्हणून कळवलं, लगेच 200 वर आला. नंबर ब्लॉक केला. चुलतभावाला रात्री बोललो, रागावलाय, पण ऐकलं.

आज आम्ही तिघांनी आळीपाळीनं सात शेतकऱ्यांना फोन केले. पाच जणांनी माणसं भरली म्हणून सांगितलं, एकानं उचललाच नाही. सातवे म्हणाले, जूनअखेर पुन्हा करा, दोघांची जागा नक्की आहे, तिसऱ्याचं बघतो. परभणीचा लगेच म्हणाला, मी थांबतो, तुम्ही दोघं जा. त्याचं कर्ज आमच्यापेक्षा जास्त आहे. दादा, असं झालं तर काय करावं?

धारूरकर

त्यालाच पाठवा. आणि तिसऱ्यासाठी त्याच गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याला विचारा, काढणीत एका गावात सगळ्यांनाच माणसं लागतात. शेतं वेगळी असली तरी खोली एक घेता येते. माझ्याकडं त्या अकरा फोनची वही आहे, जर्मन वाक्यांसकट. रात्री फोटो पाठवतो.