किचनचे जुने शटर्स: रंगवायचे की नवीन सनमायका?

सिडकोतलं घर आहे आमचं, ओट्याखालचे शटर्स प्लायचे, त्यावर चॉकलेटी सनमायका, गॅसजवळ तर फोडण्यांचं तेल बसून नुसता चिकट थर झालाय. आईंना कपाटं मोडायची नाहीयेत आणि मलाही ते पटतं, लाकूड चांगलंय. मॅट ऑफव्हाइट करायचंय, पेंट चालेल का?

> चालेल, पण सगळं तयारीवर आहे बघा. आधी गरम पाणी आणि सोड्याने तेल पूर्ण काढा, साध्या पाण्याने पुसून वाळवा, मगच २२० नंबरचा पॉलिशपेपर मारून चकाकी घालवा. तेल राहिलं तर पेपर ते आणखी घासून आत बसवतो आणि रंग पापडासारखा सुटतो. सनमायकावर साधा प्रायमर धरत नाही, गुळगुळीत पृष्ठभागावर धरणाराच घ्या. वर पीयू (पॉलियुरेथेनचा टिकाऊ रंग), स्प्रेने. आणि पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर कोरड्या हवेत करा.

> सिंकखालचं शटर खालून नखाने दाबून बघ गं. फुगलं असेल तर रंगाचा काही उपयोग नाही, तेवढं एक बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायचं नवीन कर. वाळवीही बघून घे.

> मी तर म्हणेन गॅसजवळ १ एमएमचा लॅमिनेटच (म्हणजे सनमायका) लावा, रोजचं पुसणं तोच सोसतो. बाकीचे रंगवा. बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज घ्या, हँडल्स बदला, जुनी भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवायची मात्र रंगाआधी!

धन्यवाद सगळ्यांना! सिंकखालचं खरंच फुगलंय, सुताराला बोलावते.