इचलकरंजीच्या सांडपाण्यात 'करंट सोडा' म्हणणाऱ्यांना

रंगारी: काल इथे एकाने लिहिलं, "प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या) पाण्यात करंट सोडा, रंग जातो, पंचगंगा वाचेल." वाचून डोकं उठलं. लोखंडी पत्र्यांना करंट दिला की रंग नष्ट होत नाही, गाळात बसतो. बारा वर्षं ईटीपी (कारखान्याचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) सांभाळलाय. वरचं पाणी नितळ, आणि शेडमागे काळ्या-निळ्या गाळाच्या पोत्यांची थप्पी. पहिल्या वळवात पोती फुटून सगळं ओढ्यात!

कॅथोड: ते मीच लिहिलं होतं. पण तुम्ही इलेक्ट्रोकोॲग्युलेशनवर, म्हणजे करंटने रंग गाळात बसवण्यावर घसरलात, मी ऑक्सिडेशनबद्दल, म्हणजे रंग तोडून टाकण्याबद्दल बोलतोय. बोरॉनयुक्त हिऱ्याचा थर दिलेल्या ॲनोडवर (धन टोकाच्या पत्र्यावर) पाण्यातूनच हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल ते तोडणारे कण तयार होतात. रंगाचा रेणू तुटत तुटत थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत जातो. पोती भरावी लागत नाहीत.

रंगारी: आणि वीज? एक किलो सीओडी (पाण्यातली घाण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) घालवायला ३,३५० अँपिअर-तास, तेही काहीच वाया गेलं नाही तर. पाच व्होल्ट धरा, पावणेसतरा युनिट झाले. बिल तुम्ही भरणार?

नदीकाठ: बिलाचं रडगाणं पुरे. पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच बघायला या. २०१२ची कावीळ विसरलात? माझा चुलतभाऊ तीन आठवडे दवाखान्यात होता.

रंगारी: ती कावीळ मैलापाण्याची. विषाणूचं खापर रंगावर फोडू नका.

नदीकाठ: म्हणजे तुम्ही सुटलात? मैला गावाचा, रंग तुमचा, पाणी मात्र आम्ही प्यायचं!

कॅथोड: कावीळ बाजूला ठेवा हो, विषय ॲनोडचा आहे.

नदीकाठ: ज्याच्या घरात माणूस पिवळा पडला, त्याला बाजूला ठेवता येत नाही.

रसायनवाली: दोघेही मीठ विसरलात. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाईत मीठ ढिगाने पडतं. करंट दिला की त्यातून क्लोरीन सुटतो आणि रंग झटकन उडतो. पण क्लोरीन लागलेले सेंद्रिय पदार्थ तयार होतात, हिऱ्याच्या ॲनोडवर परक्लोरेट हा घातक क्षारसुद्धा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तसाच राहतो. नुसता रंग गेला म्हणून पाणी निर्विष झालं असं मी तरी लिहून देणार नाही. आधी जिवाणूंना जमेल तेवढं खाऊ द्या, उरलेल्या हट्टी भागालाच करंट द्या.

कॅथोड: क्लोरीनचा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा होता. पण म्हणून पद्धतच मोडीत काढू नका.

रंगारी: उरलेल्यापुरतं असेल तर विजेचं गणित बसेलही, एवढं मानतो. पण गाळाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. जिवाणूंच्या टाकीतूनही गाळच निघतो.

नदीकाठ: तो ओढ्यात येणार नाही, एवढं आधी बघा.