विषय: शनिवारची गाडी, मावशींचं कार्ड आणि कचोरी

प्रेषक: ताई (गाडीवाली)
बुधवार, रात्री ९:५०

मंडळी,

शनिवारी सकाळी १० वाजता गाडी ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत निघतेय, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सामानाला. सात जागा, पाच भरल्या. संक्रांतीसारखं निघताना "मी पण" नको.

खरं काम दुसरंच आहे. मागच्या खेपेला मावशींचं ईबीटी कार्ड, म्हणजे सरकारी अन्नमदतीचं कार्ड, काउंटरवर अडकलं. मागे रांग, पोरगा मोठ्यानं "नॉट अलाउड, नॉट अलाउड" करतोय. त्या सगळं तिथंच ठेवून बाहेर येऊन गाडीत बसल्या. आम्हाला म्हणाल्या, काही आवडलं नाही. खरं काय ते मला काल कळलं.

त्यांची यादी अशी: हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, आमरसाचे डबे, कुरडया, हळद-कुंकू, अगरबत्ती, घागर, च्यवनप्राश आणि चार कचोऱ्या. यातलं काय चालतं? आणि त्यांच्या ऐवजी मीच कार्ड घेऊन गेले तर?

ताई

प्रेषक: नाना (खजिनदार)
बुधवार, रात्री ११:१५

ताई, गाडीच्या पेट्रोलचे मागचे पैसे अजून तिघांकडून यायचे आहेत, ते आधी.

दुसरं. हा विषय मंडळाच्या ईमेल लिस्टवर आणायला नको होता. त्यांचा मुलगा टेक्सासात चांगल्या नोकरीवर आहे आणि आई फूड स्टॅम्पवर, हे १४० घरांत वाचलं जाणार. आपल्या खान्देशात असं कोणी चारचौघांत सांगत नाही.

प्रेषक: जिजी
गुरुवार, सकाळी ६:२०

नाना, "फूड स्टॅम्प" हे नाव कायद्यातून २००८ सालीच गेलं, आता स्नॅप म्हणतात. आणि मुलगा टेक्सासात असला तर मावशी न्यू जर्सीत जेवतात कुठे? एकत्र विकत घेऊन एकत्र रांधतात ते एक घर, असा हिशेब असतो. त्या एकट्या राहतात, एकट्या रांधतात, नागरिक आहेत. मुलाच्या पगाराचा तिथं संबंध येत नाही. आणि चारचौघांत सांगायचं म्हणाल तर तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर या लिस्टवर ३१ मेल आले होते.

मी दर मंगळवारी फूड पँट्रीत (गरजूंना फुकट किराणा देतात तिथं) असते, तिथं दर वेळी हेच विचारतात. ताई, यादी घे.

डाळ, गूळ, कणीक, आमरसाचा डबा, कुरडया: चालतात. घरी नेऊन खायची वस्तू चालते, देशी की विदेशी कोणी बघत नाही. हळद चालते, कुंकू नाही. अगरबत्ती, कापूर, वाती, घागर, साबण, कागदी पत्रावळी, काही नाही. तेलाच्या बाटलीवर "फक्त पूजेसाठी" छापलं असेल तर तीही नाही, कारण ते खायचं तेल नव्हे. तूप मात्र चालतं, मग त्याचं निरांजन लावा की पोळीवर घाला.

च्यवनप्राशचा डबा उलटा करून बघायचा. मागच्या चौकटीवर "न्यूट्रिशन फॅक्ट्स" असेल तर ते अन्न. "सप्लिमेंट फॅक्ट्स" असेल तर जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या रांगेत, नाही चालणार. एकाच मांडणीवर दोन्ही प्रकारचे डबे दिसतात, म्हणून चष्मा न्या.

कचोरी. अडकली असणार ती हीच. विकताना गरम असलेलं अन्न चालत नाही. तीच कचोरी शेजारच्या फ्रीजमध्ये गार पाकिटात असेल तर चालते, गोठवलेली तर बिनघोर. बसून खायला देतात तेही नाही. मला विचाराल तर हा नियम एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी निर्दयच आहे. ज्याला गॅसपाशी उभं राहवत नाही त्यालाच गरम नाही.

आणि एक. एवढ्या एका वस्तूसाठी सगळं सामान सोडून यायची गरज नव्हती. जे चालत नाही त्याचे पैसे रोख द्यायचे, बाकीचं कार्डावर. मशीन आपोआप वेगळं करतं. कार्डावर घेतलेल्या वस्तूंना विक्रीकरही लागत नाही.

जिजी

प्रेषक: बे एरियातले भाऊ
गुरुवार, सकाळी ११:०५

जिजी, गरम चालत नाही हे सगळीकडे खरं नाही. आमच्या कॅलिफोर्नियात साठीच्या पुढचे, अपंग आणि बेघर यांना ठरावीक हॉटेलांत या कार्डावर गरम जेवण मिळतं. मी इथं २२ वर्षं आहे. तुमच्या मंडळानं तुमच्या आमदाराला लिहावं.

प्रेषक: नाना (खजिनदार)
गुरुवार, दुपारी १२:४०

भाऊ, तुम्ही या मंडळाची वर्गणी २०१९ पासून भरलेली नाही.

प्रेषक: आयोवावाली वहिनी
गुरुवार, दुपारी २:१०

तुमचं बरं आहे हो. आमच्याकडे १ जानेवारी २०२६ पासून नवीनच सुरू झालंय. राज्याचा विक्रीकर ज्या खाण्यावर लागतो ते स्नॅपवर बंद. म्हणजे कोकसारखी थंड पेयं गेली, गोळ्या-चॉकलेट गेलं. इंडियाना, नेब्रास्का, युटा, वेस्ट व्हर्जिनियातही त्याच दिवसापासून काही ना काही बंद झालं, पण प्रत्येकाची यादी वेगळी.

आता गंमत बघा. करखात्याच्या व्याख्येत ज्यात पीठ आहे ते "कँडी" नाही. म्हणजे शेंगदाण्याची चिक्की कँडी, आणि मैद्याची, साखरेत घोळलेली, तळलेली शंकरपाळी कँडी नाही! शेजारची एक आजी आहे, तिला मी दुकानात नेते. ती मला विचारते, गूळ-शेंगदाणे वेगवेगळे घेतले तर चालतात, एकत्र केले की गुन्हा कसा? मी काय सांगू.

प्रेषक: अप्पा (हल्ली मुक्काम भुसावळ)
गुरुवार, रात्री ११:५५

सर्वांना नमस्कार. इथं पारा चाळिशीला टेकलाय, लाइट गेली होती म्हणून उशीर.

मले एक सांगा, तुम्ही भांडताय कशावर? माझ्या वडलांचं यावल तालुक्यात रेशनचं दुकान होतं. पोत्यात जे आलं ते माणसानं घ्यायचं. गहू आला तर गहू. साखर आली की गावभर निरोप. रॉकेलला वेगळी रांग. आजही अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, बाकीच्यांना माणशी ५ किलो, २०२३ पासून फुकट, पण धान्यच. ज्वारीच्या मुलखात माणसाच्या पिशवीत तांदूळ टाकतात. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाणारा त्या तांदळाचं काय करतो ते न विचारलेलं बरं. तुमच्या मावशी निदान मांडणीसमोर उभ्या राहून ही डाळ की ती, हे बोट दाखवून सांगू शकतात.

वडील एक करायचे. अंगठा लावणाऱ्या बाईचं नाव कधी मोठ्यानं पुकारत नसत. बस.

येताना बामणोदच्या वांग्याचं बी आणतोय, ज्याला हवं त्यानं कळवा.

प्रेषक: जिजी
शुक्रवार, सकाळी ६:०५

अप्पा, बी आणू नका! कागदपत्रांशिवाय बियाणं विमानतळावर काढून घेतात, लपवलं तर दंडही होतो.

पण बरी आठवण केलीत. खायचं पीक देणारं बियाणं आणि रोपं स्नॅपवर घेता येतात, ईबीटी घेणाऱ्या दुकानात मिळाली तर. वांगी, मिरची, कोथिंबीर. फुलझाडं नाहीत. पँट्रीत हे सांगितलं की दहातल्या नऊ जणांना धक्का बसतो.

प्रेषक: आयोवावाली वहिनी
शुक्रवार, सकाळी ८:३०

आमच्याही नव्या नियमात बी आणि रोपं वगळून ठेवली आहेत. एवढं तरी बरं केलं.

प्रेषक: नाना (खजिनदार)
शुक्रवार, सकाळी ९:१५

वांग्याचा विषय निघालाच आहे म्हणून. भरताची वांगी गेली अकरा वर्षं या मंडळाला मी पुरवतो, हे नवीन सभासदांसाठी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मिळालं तिथल्या मातीला. न्यू जर्सीतल्या वांग्याला "बामणोदचं" म्हणू नये. इथं भाजायला पऱ्हाट्याही (कपाशीच्या काड्या) नाहीत.

तळघरात दिव्याखाली चाळीस रोपं तयार आहेत. मावशींच्या बाल्कनीत ऊन येतं का? दोन कुंड्या शनिवारी गाडीत ठेवतो. पैसे नकोत. माझं नाव सांगायची गरज नाही.

प्रेषक: ताई (गाडीवाली)
शुक्रवार, दुपारी ४:३०

नाना, नाव तुम्हीच १४० घरांना कळवलंत.

मावशींशी बोलले. ऊन येतं. त्यांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली (विचारून). त्या म्हणाल्या, आखाजीच्या जेवणाला पुरणाची डाळ मीच माझ्या कार्डावर आणते, नुसतं हात हलवत यायचं नाही. काय सांगू त्यांना?

प्रेषक: जिजी
शुक्रवार, संध्याकाळी ५:१०

सांग की कार्डावरचं त्यांच्या घरासाठी आहे, मंडळाच्या दीडशे पानांसाठी नाही. डाळ मंडळ आणेल. आणि कार्ड तू घेऊन जाऊ नकोस, त्यांना सोबत ने. कोणाला कायमचं पाठवायचं असेल तर स्नॅपच्या कचेरीत तसं नाव नोंदवता येतं, नुसता पिन हातात देऊ नये. पिनही बदलून घे त्यांचा, कार्डाची माहिती चोरून (स्किम करून) रात्रीत पैसे उडवतात, पँट्रीत दोघी रडत आल्या होत्या.

काउंटरवरचा पोरगा "दहा डॉलरच्या खाली कार्ड नाही" म्हणाला तर ते ईबीटीला लागू नाही. रांगेतल्या इतरांपेक्षा वेगळं वागवायचं नाही, असा नियमच आहे. तिथं तू बोल, मावशींना बोलायला लावू नकोस.

प्रेषक: बे एरियातले भाऊ
शुक्रवार, संध्याकाळी ५:४५

वर्गणी कुठल्या खात्यात भरायची? २०१९ पासूनची एकदम.

प्रेषक: ताई (गाडीवाली)
शुक्रवार, रात्री १०:२०

ठरलं. १० ला माझ्या दारातून, १०:२० ला मावशींच्या. अगरबत्ती, घागर आणि कुंकू यांचं वेगळं बिल, रोख, माझ्याकडून. गरम कचोऱ्याही माझ्याकडून, गाडीत खाऊ. त्या मांडे करणार आहेत, पण ते भाजायचं त्यांचं मातीचं खापर मागच्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात तडकलं. कोणाकडे आहे का?

प्रेषक: अप्पा (हल्ली मुक्काम भुसावळ)
शनिवार, रात्री १२:३५

खापर आणतो. त्याला कागद लागत नाहीत ना, जिजी?