मदत हवी आहे: रिस्डन कोव्ह, १८०४ – साक्ष कुणाची धरायची?

मंडळी, नोकरी सांभाळून इतिहासात एम.ए. करतेय. एका इतिहासकाराने साधनं कशी वापरली, यावर दहा पानं लिहायची आहेत. मी ऑस्ट्रेलियन इतिहासकार कीथ विंडशटल घेतला आणि चार दिवस एकाच प्रसंगावर अडकून बसलेय.

प्रकरण टास्मानियातलं, ३ मे १८०४चं. डरवेंट नदीकाठी रिस्डन कोव्हला इंग्रजांची वसाहत होऊन वर्षही झालेलं नव्हतं. प्रमुख बोवेन जागेवर नव्हता, कारभार लेफ्टनंट मूरकडे. मूळनिवाशांचा मोठा जमाव आला, सैनिकांनी बंदुका चालवल्या, तोफही डागली. मेले किती, इथे घोडं अडलंय.

२००२ सालच्या पुस्तकात विंडशटल म्हणतो, तीन. आधार लगेच लिहिलेल्या कागदांचा: मूरने चार दिवसांनी लेफ्टनंट गव्हर्नर कॉलिन्सला धाडलेला अहवाल आणि वसाहतीतल्या डॉक्टर माउंटगॅरेटचं घटनेच्याच दिवशीचं पत्र. मूरच्या मते हा वसाहतीवरचा हल्ला होता. एडवर्ड व्हाइट नावाच्या कैद्याने मात्र १८३०मध्ये चौकशी समितीपुढे वेगळंच सांगितलं. तो ओढ्याजवळ जमीन खणत होता. तीनशेक जण रिंगण करून आले, रिंगणात कांगारूंचा कळप, बरोबर बायकामुलं, हातात भाले नाहीत. म्हणजे सरळ हाकारा घालून केलेली शिकार! 'पुष्कळ मारले' म्हणतो, आकडा माहीत नाही म्हणतो. ही साक्ष विंडशटल बाजूला सारतो.

सव्वीस वर्षांनी आठवून सांगितलेलं कच्चं, हे मलाही पटतं. शिवाय १८३०ला तिथे गोऱ्यांची आणि मूळनिवाशांची लढाई पेटलेली होती, समिती वैराचं मूळ शोधत होती. जुनी गोष्ट फुगायला वाव होताच. पण मूरचं काय? त्या दिवशी हुकूम त्याचा आणि अहवालही त्याचाच. चौकीत जो आधी पोचतो त्याचीच फिर्याद, असा हा प्रकार.

आणि नॉपवुड पाद्री. तो नदीपलीकडे होता. त्या दिवशीच्या रोजनिशीत दुपारी दोनला तोफ ऐकल्याची नोंद आहे. १८३०मध्ये तो पाच-सहा मेले म्हणतो, म्हणजे उशिराचं आणि वर ऐकीव.

मला खरं अडवलंय एका बारक्या गोष्टीने. व्हाइट म्हणतो, डॉक्टरने काही हाडं दोन पिंपांत भरून पोर्ट जॅक्सनला, म्हणजे सिडनीला पाठवली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे पदरचं असणार. मग डॉक्टरचं ते पत्र काढलं. नॉपवुडला तो कळवतो की आईबाप मारले गेलेला एक लहान मुलगा माझ्याकडे आहे. शिवाय एका माणसाचं प्रेतही आहे, दुसऱ्या डॉक्टरला चिरफाड बघायची असेल तर उद्या या. जेवायला बोलवावं तसं. दोनदा वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला.

यावरून पिंपं सिद्ध होत नाहीत, कबूल. पण व्हाइट अगदीच हवेतलं बोलत नव्हता, एवढं तरी म्हणता येईल ना? विंडशटल ज्या कागदावर भिस्त ठेवतो, त्याच कागदातून व्हाइटला टेकू मिळतोय. की हे मीच ओढूनताणून जुळवतेय?

दुसरं, आकड्यासाठी व्हाइट बाद ठरवून कांगारू, बायकामुलं, भाले नसणं एवढं ठेवलं तर चालेल का? अर्धीच साक्ष घेणं मला जरा सोयीचं वाटतं. तुम्ही कसं करता?

भीती आमच्या सरांची आहे. त्यांचा पिंड इतिहासाचार्य राजवाड्यांचा. बखर म्हटली की कपाळाला आठ्या, अस्सल कागद म्हटला की चेहरा खुलतो. व्हाइट म्हणजे बखर आणि मूर म्हणजे कागद, असं म्हणून ते मला एका वाक्यात गुंडाळतील. पेशवे दफ्तर चाळलेलं कुणी इथे असेल तर सांगा, स्वतःच्याच कारवाईबद्दल सरदाराने लिहिलेलं पत्र तुम्ही कशाशी ताडून बघता? शनिवारी आराखडा द्यायचाय.