उपदेशाच्या तयारीत कॉमेंटरी आधी की शेवटी? (चर्चा)

सेलूचा पाळक
सलाम मंडळी. वाद होणार माहितीय तरी लिहितो. माझं म्हणणं, रविवारचा उपदेश तयार करताना कॉमेंटरी, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक, शेवटी उघडावी आणि जमलं तर उघडूच नये. आजकाल काय चाललंय, शनिवारी रात्री मोबाईलवर मॅथ्यू हेन्रीची जुनी इंग्रजी कॉमेंटरी काढायची, गूगलकडून मराठी करून घ्यायचं आणि रविवारी चर्चमध्ये तेच पुलपिटवरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) वाचून दाखवायचं. समोर सोयाबीनच्या भावानं पिचलेला माणूस बसलाय आणि आपण त्याला तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातले मुद्दे देतोय. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 4 थ्या अध्यायातला येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घ्या. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी. खाली खडक, वर चार बोटं माती, ऊन लागलं की रोप करपलं. मुरमाड रान कसणाऱ्याला हे कोणती कॉमेंटरी शिकवणार? पावसानं ओढ दिली की आधी हलक्या रानातलं पीक माना टाकतं हे तो दरसाल बघतो.

जालनेकर
पाळकसाहेब, अर्धंच सांगितलंत. ह्याच दाखल्यावर मी एक उपदेश ऐकलाय, त्यात पेरणाऱ्यालाच निष्काळजी ठरवलं, कारण आपल्याकडं तिफणीनं ओळीत पेरतात, वाटेवर दाणा जाईलच कशाला! तिकडं येशूच्या देशात बी हातानं फोकायचे आणि शेतातूनच पायवाटा जायच्या, एवढं वाचलं असतं तर बिचारा पेरणारा सुटला असता.

दुसरं बघा. बायबलच्या जुन्या करारातलं 1 शमुवेल, अध्याय 12. इस्राएली लोकांनी राजा मागितला, संदेष्टा शमुवेल म्हणतो गव्हाची कापणी चालू आहे ना, आता देव गडगडाट आणि पाऊस पाठवील, आणि पाऊस आल्यावर लोक थरथर कापतात. आता हे आपल्या मंडळीत नुसतं वाचा. आपल्याकडं गव्हाच्या काढणीला पाऊस आला तर चमत्कार कुणी म्हणत नाही, तलाठ्याकडं पंचनामा मागतात. 2014 ची गारपीट विसरलात का? इस्राएलात गहू मे-जूनच्या सुमारास निघतो आणि तेव्हा तिथं पावसाचं नावच नसतं, सगळा पाऊस हिवाळ्यात. हे माहीत नसेल तर लोक घाबरले का तेच कळत नाही. आपला अनुभव इथं उपयोगी पडत नाही, उलट आडवा येतो.

लातूरचा युवक
मॅथ्यू हेन्री सगळ्यांकडं असतो तो फुकट आहे म्हणून, चांगला आहे म्हणून नाही 😄 आणि जे 'रोमकरांस पत्रावर हेन्री म्हणतो' म्हणून दणकून सांगतात त्यांच्यासाठी, तो माणूस प्रेषितांची कृत्ये संपवून 1714 ला वारला, पुढचं, म्हणजे रोमकरांसपासूनचं, बाकीच्या पाळकांनी पुरं केलं.

नांदेडची ताई
भाऊ, हसू नका, कुणाकडं पैसे असतात जाडजाड सेट घ्यायला? मी महिला मंडळात वचन सांगते. एकच घ्यायची तर मी म्हणेन 2015 ला आलेली साउथ आशिया बायबल कॉमेंटरी, इंग्रजीच आहे पण लिहिणारे आपल्याच भागातले. बार्कले म्हणून दुसरा कॉमेंटरीकार आहे, त्याच्याकडून मी फक्त चालीरीती आणि घरंदारं कशी होती ते घेते, कारण येशूनं पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातलं त्या चमत्कारात लोकांनी आपापल्या जवळचं काढून वाटून खाल्लं असेल, असाही पर्याय तो देतो. ते मी आमच्या बायकांपुढं सांगणार नाही.

सेलूचा पाळक
ताई, बघा, तुम्ही सुद्धा निवडूनच घेता, आणि ती निवड करायला आधी वचन पोटात गेलेलं लागतं! जालनेकर, पावसाचं मान्य. पण तुम्ही तर आधीच कॉमेंटरी उघडायला सांगताय, मग स्वतः अध्याय चार वेळा वाचून, त्याच्याशी भांडून, मंडळीतल्या आजारी माणसाच्या घरी जाऊन आल्यावर जे सुचतं ते कुठून येणार? गव्हाची कापणी कधी ते कॉमेंटरी सांगेल, कर्जात बुडालेल्या घरात काय बोलायचं ते नाही.

जालनेकर
आधी उघडा म्हणालोच नाही हो मी, न उघडता पुलपिटवर चढू नका म्हणालो. सोमवारी वाचा, बुधवारी अडलेल्या जागा लिहून काढा, मग फक्त तेवढ्याच जागा कॉमेंटरीत शोधा, आणि दोन ठिकाणी बघा म्हणजे एकाच्याच मताला देवाचं मत समजणार नाही. 'आपल्या जीवनात लागू' असं लिहिलेला भाग सरळ सोडून द्या, तो तुमचा.

सेलूचा पाळक
पाच गावं सांभाळणाऱ्याचा सोमवार कुठाय, भाऊ? बरं, ते पंचनाम्याचं या रविवारी वापरतो, चालेल ना?

जालनेकर
वापरा की. फक्त त्याआधी 1 शमुवेलचा आठवा अध्याय वाचा, राजा का मागितला ते तिथं आहे. त्याला कॉमेंटरी लागत नाही.